भरती-ओहोटीचे इंग्रजी

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. तेव्हा आज दहावीच्या बाकावर बसलेला मुलगा नऊ-दहा वर्षे इंग्रजी वाचून आलेला असतो. मालवणच्या धक्क्यावर बेंगळुरूच्या एखाद्या पाहुण्याने त्याला इंग्रजीत विचारले, "किल्ल्यावर जायची बोट कुठे मिळेल?" तर तो काय करतो? बोटाने दिशा दाखवतो आणि बाजूला सरकतो. बोटीचा प्रश्न, बोटाने उत्तर! शब्द येत नाहीत असे नाही, श्रोतेहो. 'बोट', 'फोर्ट', 'लेफ्ट', 'राइट' हे सारे त्याने पाच-पाच वेळा वहीत लिहून काढलेले असतात. हाताला ते ठाऊक आहेत, जिभेला अजून झालेले नाहीत.

म्हणून आज सुटीतल्या इंग्रजीविषयी बोलायचे आहे, आणि तेही समुद्रावरच्या सुटीतल्या. कुणी मे महिन्यात आजोळी आठ दिवस येतो, कुणी शाळेच्या सहलीत दोन दिवस. एवढ्यात काय शिकणार, असे वाटेल. पण समुद्राची एक सोय आहे. पुस्तकात धडा पालटला की शब्द पालटतात. काल रेल्वे स्टेशन, आज बाग, उद्या आणखी काही. समुद्रावर मात्र तेच पाणी, तीच वाळू, त्याच होड्या सकाळ-संध्याकाळ समोर. तेच तीस-चाळीस शब्द पुन्हा पुन्हा तोंडात येतात, आणि जीभ वळते ती अशा पुन्हा पुन्हा येण्यानेच.

आपला 'किनारा' हाच शब्द घ्या. इंग्रजीत याची वाटणी झालेली आहे. वाळूत बसलो तर 'बीच'. जमीन आणि पाणी जिथे भेटतात ती कड म्हणजे 'शोअर'; होडीतला माणूस परत येतो तो 'शोअर'ला. नकाशावर पाहिला तो कोकणचा 'कोस्ट'. सुटीला जायचे ते 'सीसाइड', आणि नदीचा किनारा असेल तर 'बँक'. घरात बसून हे पाठ करायला गेलो तर गोंधळच व्हायचा. वाळूत उभे राहून एकेकदा म्हटले की पाय शब्दाची आठवण ठेवतात. उलट जिथे आपण श्रीमंत आहोत तिथे इंग्रजी गरीब. माड, नारळ, शहाळे, खोबरे, करवंटी ही आपली निरनिराळी नावे. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी 'कोकोनट'लाच शेपूट लावून भागवतात. काथ्याला मात्र 'कॉयर' हा वेगळा शब्द आहे, आणि तो आला मल्याळममधून. 'कॅटमरान' ही होडी तमिळमधली. 'कट्टु' म्हणजे बांधणे, 'मरम' म्हणजे लाकूड. बोंबलाला साहेब 'बॉम्बे डक' म्हणत आला, हे ऐकून मुले हसतात. हसलेला शब्द विसरत नाही.

आता भरती-ओहोटी. आपण म्हणतो भरती लागली, ओहोटी लागली. या 'लागली'चे शब्दशः इंग्रजी करू नका. इंग्रजीत पाणी सरळ येते आणि जाते: 'द टाइड इज कमिंग इन', 'द टाइड इज गोइंग आउट'. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे कोळ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. हीच गोष्ट काळ शिकवायला घ्यावी. आज सकाळी सहाला पूर्ण भरती असेल तर 'टुडे इट वॉज हाय ॲट सिक्स, टुमॉरो इट विल बी हाय ॲट अबाउट टेन टु सेव्हन.' भूतकाळ, भविष्यकाळ ही नावे न काढता दोन्ही काळ झाले. घड्याळ वाचणे झाले, ते वर. आणि उत्तर बरोबर की चूक हे दुसऱ्या दिवशी समुद्रच तपासून देतो! एक सावधगिरी मात्र हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या उधाणाला 'स्प्रिंग टाइड' म्हणतात. वसंत ऋतूशी त्याचा काही संबंध नाही. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती ती 'नीप टाइड'.

उच्चारासाठीही समुद्र चांगला मास्तर आहे. लाट म्हणजे 'वेव्ह'. या एका शब्दात दोन व आहेत आणि ते सारखे नाहीत. पहिला म्हणताना ओठ गोल करायचे, दाताला लावायचे नाहीत. शेवटचा म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. आपल्या लिपीत दोहोंना एकच अक्षर, त्यामुळे वर्गात हा भेद कानाआड होतो. लाटेसमोर उभे राहून दहा वेळा म्हणून पाहा बरे. 'बीच'मधला ई चांगला लांबवावा. आखूड केला तर इंग्रजीत ती शिवी होते. 'शिप' आणि 'शीप' यांत जहाज आणि मेंढी इतका फरक आहे, हे सांगायला नकोच.

संभाषणात आपली माणसे अडखळतात ती आणखी एका ठिकाणी. मराठीत आदर क्रियापदात असतो. "पाणी द्या" म्हटले की झाले. त्यातच नम्रता आली. तेच जसेच्या तसे 'गिव्ह मी वॉटर' केले तर ऐकणाऱ्याला ते "पाणी दे रे" असे वाटते. इंग्रजी क्रियापदाला 'दे' आणि 'द्या' हा भेद नाही, म्हणून नम्रता बाहेरून आणावी लागते: 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' शहाळेवाला आणि गिऱ्हाईक असा खेळ दोघांनी संध्याकाळी खेळावा, मग भूमिका बदलावी. अनोळखी पाहुण्यांना गाठून 'हॅलो, हॅलो' करणे मला पसंत नाही. ते संभाषण नव्हे.

होडीवर मात्र रीत उलटी. तिथे आज्ञार्थच हवा, आणि तो आखूड हवा. 'सिट डाउन.' 'होल्ड द रोप.' 'डोन्ट स्टँड अप.' घाटावरून किंवा परराज्यातून आलेल्या पाहुण्याला पाण्याची ओढ कळत नाही. ओहोटीच्या वेळी तो हसत हसत कमरेइतक्या पाण्यात शिरतो. अशा वेळी काठावरच्या पोराच्या तोंडून 'कम बॅक, द टाइड इज गोइंग आउट' हे वाक्य न अडखळता निघाले, तर एखाद्याचा जीव वाचेल. व्याकरणाचे गुण तिथे कोण मोजतो?

परदेशी भाषा अशी प्रसंगातून येते, हे सांगणारा एक फ्रेंच शिक्षक होऊन गेला, फ्रांस्वा ग्वँ. जर्मन शिकायला तो हांबुर्गला गेला. व्याकरण पाठ केले, शेवटी शब्दकोश पाठ केला, आणि बोलणे ऐकले तर काही समजेना. घरी परतला तेव्हा त्याचा लहानगा पुतण्या पिठाची गिरणी पाहून आला होता. पोर सांगत होते, आधी हे झाले, मग ते झाले. गिरणीचे एकेक काम ओळीने. ग्वँने तेच सूत्र धरले आणि १८८० साली पुस्तक लिहिले: घटना जशा एकापाठोपाठ घडतात तशी वाक्ये एकापाठोपाठ शिकवावी.

आपल्याकडे याला रापणीइतके चांगले उदाहरण नाही. होडी जाळे घेऊन जाते, अर्धगोल टाकते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, माणसे दोहों बाजूंनी ओढतात, जाळे वाळूवर येते, मासळीची वाटणी होते. 'दे ड्रॉप द नेट. दे कम बॅक. दे पुल द रोप.' पाच-सहा क्रियापदे, आणि एकाचा हात धरून दुसरे येते. मुलाने हे पाहिलेले असेल, एखादा दोर स्वतः ओढलेला असेल, तर पाठांतर उरतच नाही. सिंधुदुर्गाची माहितीही याच रीतीने सांगता येते: किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले, चहूकडे खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ही नावे इंग्रजीत फिरवून सांगताना मुलांना फार मजा येते.

शिकलेले टिकवायचे कसे? एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की विसरणे सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होते. तेव्हा सकाळचे शब्द त्याच रात्री, मग दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग घरी गेल्यावर पत्रात. आजोबांना चार इंग्रजी ओळी लिहिल्या तर ते रागावणार नाहीत.

आणि ज्या गुरुजींच्या गावापासून समुद्र दीडशे कोस दूर आहे, त्यांनी आठवडी बाजार घ्यावा. तिथेही तीच दुकाने दर आठवड्याला त्याच जागी असतात. पहिल्या बाजारी नुसत्या भाज्या, दुसऱ्या बाजारी वजने आणि भाव, तिसऱ्या बाजारी 'कुड आय हॅव'.