पेटीतला समुद्र आणि वैशाखातलं ऊन

माठातलं पाणी नागपुरात जेवढं गार होतं तेवढं मुंबईत होत नाही. विदर्भातून बदली होऊन मुंबईत आलेली मंडळी हौसेनं माठ घेतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याला नावं ठेवतात. दोष माठाचा नसतो, हवेचा असतो. आज मला बोलायचं आहे ते घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी आणि उन्हाळ्यात ते सांभाळण्याविषयी. विषय वेगळा वाटेल, पण त्यातलं निम्मं शास्त्र या माठातच आहे.

गोड्या पाण्यातले गोल्डफिश, गप्पी आपल्याकडे पूर्वीपासून पाळले जातात. खाऱ्या पाण्याची हौस त्या मानानं नवी. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशानं घरोघरच्या मुलांना वेड लावलं. हा मासा राहतो अॅनिमोनच्या, म्हणजे समुद्रफुलाच्या आश्रयाला. मग मासा आला, त्याच्यामागे फूल आलं, रंगीत कोळंबी आली आणि दिवाणखान्यात दीडशे-दोनशे लिटरचा समुद्र मांडला गेला. परदेशात यापुढची पायरी म्हणजे जिवंत प्रवाळांची टाकी. आपल्याकडे मात्र कठीण कवचाचे सर्व प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. ते समुद्रातून काढणं, विकणं हा गुन्हा आहे. तेव्हा कुणी दुकानदार हळूच मागच्या खोलीत नेऊन ‘लाइव्ह कोरल’ दाखवू लागला, तर त्याच पावली परत फिरावं. क्लाऊन माशाचं तसं नाही. त्याची बंदिस्त पैदास करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं विकसित केलं आहे. समुद्रातून पकडून आणलेल्या माशापेक्षा टाकीत जन्मलेला मासा घरात कितीतरी चांगला तगतो.

या टाकीचं पाणी साधारणपणे २४ ते २७ अंश सेल्सिअस असावं. २८ चालतं, २९ ला लक्ष ठेवावं, आणि ३० च्या वर पाणी दिवसचे दिवस राहिलं की काहीतरी मरणार असं समजावं. आता हे ३० अंश गाठायला मुंबई-पुण्यात एप्रिल महिना पुरेसा आहे. त्यात आपणच भर घालतो. टाकीतले पंप, स्किमर, दिवे जी वीज खातात ती शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पाण्यात बुडालेल्या पंपाची तर जवळजवळ सगळी पाण्यातच जाते. हिशेब करून पाहा. १०० वॅटची यंत्रं चोवीस तास चालली आणि उष्णता बाहेर पडायला वाटच नसली, तर २०० लिटर पाणी एका दिवसात सुमारे दहा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता काचेतून आणि पृष्ठभागावरून हवेत निघून जाते. पण बाहेरची हवाच ३४ अंशांची असली तर ती जाणार कुठे? म्हणून पुष्कळ घरांत टाकी खोलीपेक्षाही गरम सापडते. आणि हो, हिवाळ्यात लावलेला हीटर होळी झाली की प्लगमधून काढून ठेवा. थर्मोस्टॅट चिकटून बसला तर तो भर मे महिन्यातही इमानेइतबारे पाणी तापवत राहतो.

गरम पाण्यात मासा भाजून मरत नाही, तो गुदमरतो. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो सव्वासहाच्या आत येतो. घट फार मोठी नाही, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच पाच अंशांत माशाची, कोळंबीची आणि पाण्यातल्या जिवाणूंचीही प्राणवायूची गरज दीडपटीच्या आसपास जाते. खर्च वाढला आणि पगार कापला, अशातला हा प्रकार. शिवाय रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. त्यामुळे सर्वांत वाईट वेळ दुपारची नसून पहाटेची असते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत असतील, तर थर्मामीटर शोधत बसू नका, आधी पाणी खळाळेल असं करा. पंपाचं तोंड वर वळवलं, पृष्ठभाग हलता झाला, की हवा पाण्यात मिसळू लागते. एवढ्या एका कृतीनं पुष्कळ जीव वाचतात.

समुद्रफुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं भाडेकरूसारखी राहतात आणि सूर्यप्रकाशात बनवलेल्या अन्नाचा मोठा वाटा घरमालकाला देतात. पाणी तापलं आणि त्यात प्रकाशही प्रखर असला, की या शैवालांचं कामकाज बिघडतं, त्यांच्यातून विषारी घटक बाहेर पडू लागतात, आणि घरमालक त्यांना हाकलून देतो. रंग जातो, फूल पांढरं पडतं. प्रवाळांचंही अगदी असंच होतं. १९९८ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांची याच कारणानं मोठी हानी झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे पुन्हा प्रवाळ पांढरे पडले. समुद्र नेहमीच्या उन्हाळी पातळीपेक्षा एखाद-दुसरा अंशच जास्त तापला होता, पण सलग कित्येक आठवडे. पांढरं पडणं म्हणजे लगेच मरणं नव्हे. वेळेत थंडावा मिळाला तर शैवालं परत येतात. घरच्या टाकीपुरता यातून निघणारा उपाय स्वस्त आहे. उन्हाळ्यात दिवे दहा तासांऐवजी सहा तास लावा, आणि तेही दुपारी नको, संध्याकाळनंतर. खिडकीतून ऊन येत असेल तर जाड पडदा लावा.

आता थंड करायचं कसं? पहिला विचार सुचतो तो बर्फाचा. बर्फाचे तुकडे थेट टाकीत कधीही टाकू नयेत, कारण ते वितळून खारटपणा पातळ करतात आणि जिथे पडतात तिथलं पाणी एकदम गार करतात. पाण्यानं पाऊण भरून गोठवलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली सोडता येते. पण तिची ताकद किती? एक किलो बर्फ वितळून टाकीइतका कोमट होईपर्यंत २०० लिटर पाणी जेमतेम अर्ध्या अंशानं उतरवतो. उलट त्याच टाकीतलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर जाताना जवळजवळ तीन अंशांची उष्णता घेऊन जातं. म्हणजे बर्फाच्या पाचपट काम, तेही फुकट. माठ हेच करतो, वाळ्याचे पडदे हेच करतात.

तेव्हा टाकीवरचं काचेचं झाकण काढा, त्या जागी जाळी बसवा (मासे उड्या मारतात, हे विसरू नका) आणि एक छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका सोडा. दोन-तीन अंश सहज उतरतात. पंखा घट्ट बांधलेला असावा. टाकीच्या सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता झोळाशी खाली पडतो. खारं पाणी आणि वीज यांची गाठ वाईट.

इथे पुन्हा आपला माठ. नागपुरात ४४ अंशांच्या कोरड्या हवेत, आर्द्रता १५ टक्के असताना, उघडं पाणी तत्त्वतः २३ अंशांपर्यंत गार होऊ शकतं. मुंबईत हवा ३४ अंशच असते, पण आर्द्रता ७० टक्क्यांच्या घरात असली तर २९ च्या खाली पाणी जाऊच शकत नाही, पंखे कितीही लावा. म्हणून पुणे, नाशिक, औरंगाबाद, नागपूर या बाजूच्या श्रोत्यांनी आधी पंखाच लावावा. औरंगाबादला आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण तिथली कोरडी हवा तीच आहे. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत मात्र टाकी असलेल्या खोलीचा एसी किंवा चिलर, याला पर्याय नाही. ज्यांना तो खर्च झेपत नाही त्यांनी किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याची टाकी मांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हौस आपली, पण जीव त्यांचा. चिलर म्हणजे एक छोटा फ्रीजच. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत फेकतो. त्याला टाकीखालच्या बंद कपाटात कोंबलं तर तो स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो. दोन्ही बाजूंनी हवा खेळती हवी.

पंख्याची एक किंमत आहे. वाफ होतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. २०० लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर उडालं आणि आठवडाभर कुणी पाहिलं नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेलं मीठ ४० च्या वर जातं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालायचं नाही, आरओचं गोडं पाणी घालायचं, आणि तेही रोज थोडं थोडं. काचेवर पातळीची खूण म्हणून चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला की काम घरातल्या कुणालाही जमतं.

वीज गेली तर काय, हा प्रश्न ग्रामीण भागातले श्रोते हमखास विचारतील. इन्व्हर्टरवर दिवे नकोत, चिलर तर नकोच. पाणी फिरवणारा दहा-पंधरा वॅटचा एक पंप जोडा, तो तासन् तास चालतो. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवा. आणि पाणी तापलेलं असेल त्या दिवसांत खाणं निम्मं करा. उरलेलं अन्न कुजतं, कुजताना प्राणवायू खातं, आणि त्यातून निघणारा अमोनिया गरम पाण्यात जास्त विषारी ठरतो. तापमान खूप चढलंच असेल तर घाईनं उतरवू नका. दोन-तीन अंश खाली आणायला सबंध दिवस घ्या.

खरा धोका असतो तो मे महिन्यात सगळं घर गावाला जातं तेव्हा. खिडक्या बंद, पडदे बंद, पंखे बंद, आणि वरच्या मजल्याच्या सदनिकेवर दिवसभर तापणारी गच्ची. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाची टाकी अशीच गेली. शेजारच्या काकू रोज येऊन प्रेमानं खाणं घालत होत्या, दोन वेळा आणि मूठभर. त्या बिचाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. जाण्यापूर्वी एकेका दिवसाच्या खाण्याच्या पुड्या बांधून त्यांवर तारखा घाला, डबा कुलपात ठेवा. गोड्या पाण्याचे कॅन भरून टाकीशेजारी ठेवा. थर्मामीटरवर ३० च्या आकड्याशी लाल खूण करा आणि काकूंना एवढंच सांगा, की पारा खुणेपाशी दिसला तर फोन करायचा. एखादी खिडकी जाळी लावून उघडी ठेवता आली तर ठेवा. समुद्रफुलाची टाकी मात्र पंधरा दिवस एकटी सोडूच नये. ती जाणकार मित्राच्या घरी हलवावी, किंवा त्या वर्षी घरातल्या एकानं मागे राहावं.

जूनचा पहिला आठवडा सर्वांत अवघड. ऊन तेवढंच, ढग भरून आलेले, हवा ओली. पुण्यातला पंखासुद्धा या दिवसांत मुंबईतल्यासारखा निरुपयोगी होतो, आणि गोठवलेल्या बाटल्या कामाला येतात त्या इथेच. मग एका संध्याकाळी पाऊस कोसळतो आणि खोली झपाट्यानं गार होते. त्या रात्री टाकीवरचा पंखा बंद करायला विसरू नका. चालू राहिला तर सकाळी थर्मामीटर २३ दाखवेल. तो पुसून जवळच ठेवा, ऑक्टोबरात पुन्हा लागेल.