कचऱ्यावर उगवलेलं रान

धारावीतल्या शाळेची मुलं घेऊन मी महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाते, तेव्हा झाडांआधी त्यांना जमीन दाखवते. "बाई, इथं काय बघायचं?" असं कुणीतरी विचारतंच. पायाखाली मुंबईचा जुना कचरा आहे, हे कळलं की अर्धी मुलं उड्या मारून बघतात, अर्धी नाक दाबतात.

मिठी नदीकाठची ही सुमारे ३७ एकर जागा म्हणजे पूर्वीचं डम्पिंग ग्राउंड. १९८३मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हस्ते इथं पहिलं रोप लागलं आणि १९९४मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. इतकी वर्षं का लागावीत? कारण कचऱ्यात नुसता खड्डा खणून झाड जगत नाही. कचरा कुजताना मिथेन सुटतो, मुळांना हवा मिळत नाही, जमीन कुठंही खचते. त्यावर माती घालावी लागते, आधी चिवट झाडं जगवावी लागतात. मग त्यांचाच पालापाचोळा कुजून पुढच्या झाडांची माती होते. पाण्यासाठी पावसाचं पाणी साठवणारं तळंही केलेलं आहे.

माझी एक तक्रार मात्र आहे. हे रान फुलपाखरांना जितकं मोकळं आहे, तितकं क्रिकेटला नाही. ते योग्यच, रान रानासारखंच राहू द्यावं. पण दहा बाय दहाच्या खोलीतून आलेल्या मुलाला धावायलाही जागा हवी असते. ती धारावीत अजून शोधावीच लागते.