मूत्रोत्सर्जन तंत्र

श्वसन, पचन, रुधिराभिसरण इ. तंत्रांप्रमाणे मानवी शरीरातील एक प्रमुख तंत्र. दोन वृक्के (मूत्रपिंडे), त्यांपासून निघणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रमार्ग यांचा त्यात समावेश होतो. रक्तातील त्याज्य पदार्थ बाहेर टाकणे हे त्याचे सर्वपरिचित कार्य असले, तरी त्यावरून पडलेले नाव अपुरे आहे. शरीरातील पाणी व लवणे यांचे प्रमाण स्थिर राखणे हे कार्य तितकेच महत्त्वाचे असून त्यात बिघाड झाल्यास अन्य तंत्रेही बिघडतात.

वृक्के उदराच्या मागील भित्तीस लागून, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असतात. प्रत्येकाची लांबी १०–१२ सेंमी. व वजन सु. १५० ग्रॅ. असते. इतक्या लहान अवयवांना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सु. पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटास एक लिटरहून अधिक रक्त मिळते. ते वृक्कांच्या पोषणापेक्षा शुद्धीकरणासाठीच येते.

प्रत्येक वृक्कात सु. १० लाख वृक्काणू असतात. वृक्काणूच्या आरंभी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ व त्याभोवती पेल्यासारखे संपुट असते. विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये या रचनेचे वर्णन केले. गुच्छातून रक्तकोशिका व प्रथिने वगळून बाकीचा द्रव गाळला जातो. दिवसाकाठी असा सु. १८० लि. द्रव तयार होतो, मूत्र मात्र सु. १·५ लि. एवढेच होते, उरलेला द्रव नलिकांतून पुन्हा रक्तात शोषला जातो. सर्व काही बाहेर काढून हवे तेवढेच परत घेण्याची ही रीत वरवर उधळेपणाची वाटते. तथापि तिच्यामुळे अनेक अपरिचित पदार्थांना वेगवेगळे ओळखण्याची गरज उरत नाही. जो परत घेतला जात नाही, तो आपोआप बाहेर जातो. निरोगी अवस्थेत ग्लुकोज जवळजवळ संपूर्ण परत शोषले जाते. रक्तातील त्याचे प्रमाण १०० मिलि. मध्ये सु. १८० मिग्रॅ.पेक्षा वाढले, की नलिकांची शक्ती अपुरी पडून ते मूत्रात उतरते व आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मधुमेही व्यक्तीस वारंवार लागणारी तहान यातूनच उद्भवते.

वृक्कांत तयार होणाऱ्या एरिथ्रोपोयटीन या हॉर्मोनामुळे अस्थिमज्जेत तांबड्या कोशिकांची निर्मिती होते. रेनिनाचा रक्तदाबाशी संबंध असतो आणि ड जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप मुख्यत्वे येथेच मिळते. म्हणूनच वृक्के निकामी होऊ लागली, की पांडुरोग, उच्च रक्तदाब व हाडांचा ठिसूळपणा असे वरकरणी असंबद्ध विकार एकत्र दिसतात. हा ऱ्हास बहुधा मूकपणे होतो. निम्म्याच्या आसपास कार्यशक्ती गेली, तरी रक्तातील क्रिॲटिनिनाचे प्रमाण सामान्य दिसू शकते. त्यामुळे मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्यांनी त्रास नसतानाही मूत्रातील प्रथिनांची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

विलेम कॉल्फ यांनी नेदर्लंड्समध्ये १९४३ साली कृत्रिम वृक्क रुग्णासाठी वापरले. त्यातूनच आजची डायालिसिस उपचारपद्धती विकसित झाली. ती रक्त शुद्ध करते, परंतु हॉर्मोने निर्माण करू शकत नाही. ही उणीव वृक्क प्रतिरोपणाने भरून निघते. १९५४ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी एकरूप जुळ्यांपैकी एकाचे वृक्क दुसऱ्यास यशस्वी रीत्या बसविले. भारतात अवयवदानाचे नियमन १९९४ च्या कायद्याने होते. नवे वृक्क ओटीपोटात बसवितात; रुग्णाची मूळची वृक्के सामान्यतः काढली जात नाहीत. दात्याचे उरलेले वृक्क आकाराने काहीसे वाढून बरेचसे काम सांभाळते.