रॅमचा वेग : पाकिटावरचा आकडा आणि खरा आकडा



गेल्या वर्षी आमच्या अंतरवाली सराटीच्या घरी मी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला. शाळेचं ऑनलाईन काम, निकालपत्रकं आणि मुलांचा अभ्यास एकाच मशीनवर व्हावा, एवढाच हेतू. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आणि ८ जीबीची डीडीआर४ रॅमची एक पट्टी. पाकिटावर लिहिलं होतं ३२००. चालू करून पाहतो तर वेग २४००! फसवलं की काय, असं वाटलं. पण तसं नव्हतं. तुमच्याकडेही असं होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

वेग कुठे पाहायचा?
विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग दिसतो. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये मात्र ३२०० च्या जागी साधारण १६०० दिसेल. घाबरू नका. डीडीआर म्हणजे दुप्पट दराने माहिती देणारी रॅम. एका ठोक्यात ती दोनदा माहिती देते, म्हणून १६०० गुणिले २.

वेग कमी का दिसतो?
नवीन पट्टी आधी सुरक्षित, ठरलेल्या वेगावर चालू होते. पाकिटावरचा मोठा आकडा बऱ्याचदा एक्सएमपी नावाच्या तयार सेटिंगचा असतो. ती आपण बायोसमध्ये जाऊन चालू करायची असते. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबलं की बहुतेक मदरबोर्डवर बायोस उघडतो. काही बोर्डांवर याच सेटिंगला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ मध्ये एक्सपो. त्यात व्होल्टेजही बदलतं : डीडीआर४ चं नेहमीचं १.२, एक्सएमपीमध्ये बहुधा १.३५.

फरक किती पडतो? एका वेळी ८ बाइट जातात. २४०० ला सेकंदाला १९.२ जीबी, ३२०० ला २५.६ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते, तिथे हा फरक जाणवतो.

मात्र प्रोसेसर आणि बोर्डाची मर्यादा आधी बघा. उदाहरणार्थ, आय३-१०१०० आणि एच४१० बोर्ड असेल तर ३२०० ची पट्टीही २६६६ वरच चालेल. तो बिघाड नव्हे.

माझी चूक
एक्सएमपी लावलं, सगळं छान चाललं. पुढे मी दुसरी ८ जीबीची पट्टी आणली, वेगळ्या कंपनीची, २६६६ ची. सेटिंग तशीच ठेवली. मशीन चालू झालं, म्हणून मी निश्चिंत. आठवड्याभरात निळा पडदा दोनदा आला आणि सातवीच्या गुणांची एक्सेल फाईल उघडेना. दोन दिवस आधीची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो. तरी दोन दिवसांचे गुण उत्तरपत्रिका काढून पुन्हा भरावे लागले.

स्नेहसंमेलनातली तीन पायांची शर्यत आठवा. जोडीचा वेग हळू पळणाऱ्यावर ठरतो. जबरदस्तीने ओढलं की दोघंही पडतात. रॅमचंही तसंच.

मग करायचं काय?
१. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढा.
२. एक्सएमपी बंद करा. त्रास थांबला तर संशय वेगावर.
३. तरीही त्रास असेल तर एकेक पट्टी वेगळी लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, विज्ञानाच्या प्रयोगात मुलांना सांगतो तसंच.
४. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर ती सेटिंग नापास. इथे ३५ टक्क्यांना पास नाही!
५. दोन पट्ट्या असतील आणि चार खाचा, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरतात. बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करा.
६. सेटिंग बदलल्यावर पडदा काळाच राहिला, तर काही मिनिटं थांबा. पुष्कळ बोर्ड आपणहून जुन्या वेगावर येतात. नाही आले तर प्लग काढून बोर्डावरचा बटणसेल काही मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतो.

बायोस अपडेटने कधी कधी रॅमचा त्रास मिटतो. पण मधेच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस असेल तरच ते काम काढा.

मी शेवटी दोन्ही पट्ट्या २६६६ वर ठेवल्या आणि रात्रभर तपासल्या. एकही चूक नाही. तेव्हापासून निळा पडदा दिसला नाही. थोडा वेग गेला, पण मुलांचे गुण सुरक्षित राहिले. मशीन चालू झालं म्हणजे ते बरोबर चाललं असं नसतं, ते तपासल्याशिवाय कळत नाही.