ओक लाकडाचे फर्निचर

ओक लाकडाचे फर्निचर हे ओक (शास्त्रीय नाव: क्वेर्कस) या वृक्षाच्या लाकडापासून बनवलेले घरगुती सामान होय. युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, मध्ययुगापासून टेबले, खुर्च्या, पेट्या, पलंग व कपाटे यांसाठी हे लाकूड वापरले जाते. महाराष्ट्रातील घरांत सागवानाला जे स्थान आहे, तेच इंग्लंडमध्ये ओकला आहे.

गुणधर्म

ओकचे लाकूड कठीण व जड असून वाळल्यावर त्याची घनता प्रति घनमीटर सुमारे ७०० किलोग्रॅम असते. त्याच्या मध्यकाष्ठात टॅनिन भरपूर असल्याने बुरशी व बहुतेक किडींपासून त्याचे संरक्षण होते. बाहेरच्या रसकाष्ठाला मात्र कीड सहज लागते, म्हणून चांगले कारागीर ते काढून टाकतात. पांढऱ्या ओकच्या मध्यकाष्ठातील नलिका नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असल्याने त्यातून पाणी झिरपत नाही. मद्याची पिंपे याच लाकडाची बनवतात. तांबड्या ओकमध्ये हा गुण नसतो.

ओंडका केंद्राकडून परिघाकडे चिरल्यास फळीवर रुपेरी, चमकदार पट्टे उमटतात. अशी फळी दिसायला सुंदर असतेच, शिवाय ती कमी आकसते व कमी वाकते. मात्र या पद्धतीत लाकूड अधिक वाया जाते, त्यामुळे ती महाग पडते.

इतिहास

वेस्टमिन्स्टर ॲबीमधील राज्याभिषेकाची खुर्ची ओकची असून ती इ.स. १३०० च्या सुमारास राजा पहिला एडवर्ड याच्यासाठी बनवण्यात आली. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकातही तीच वापरली गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरचा, तीन मीटरहून अधिक रुंदीचा 'ग्रेट बेड ऑफ वेअर' हा पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

१६६० नंतर श्रीमंत घरांत अक्रोडाचे व अठराव्या शतकात महोगनीचे लाकूड लोकप्रिय झाले. ग्रामीण भागात ओकचा वापर चालूच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कला व हस्तव्यवसाय चळवळीने ओकला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. अमेरिकेत गुस्ताव स्टिकली यांनी अमोनियाच्या वाफेने गडद केलेल्या ओकचे साधे, भक्कम फर्निचर प्रसिद्ध केले.

जोडकाम व टिकाऊपणा

जुने फर्निचर टिकण्यामागे लाकडाइतकाच जोडकामाचाही वाटा आहे. एका तुकड्याला कुसू काढून ते दुसऱ्याच्या खाचेत बसवतात व आरपार लाकडी खुंटी ठोकतात. रुंद फळ्या चौकटीच्या खोबणीत मोकळ्या ठेवल्याने हवेतील आर्द्रतेनुसार त्या आकसल्या-फुगल्या तरी तडकत नाहीत. अशा सांध्यांची दुरुस्तीही करता येते. लोखंडी खिळे वापरल्यास टॅनिनशी अभिक्रिया होऊन लाकडावर काळे डाग पडतात.

मर्यादा व निगा

नीट न वाळवलेले ओक पिळवटते. ते वाळवीपासून पूर्णतः सुरक्षित नाही, तसेच आर्द्रतेच्या चढउतारात सागवानापेक्षा अधिक हलते. दमट हवामानात ही बाब महत्त्वाची ठरते. हिमालयातील बांज हाही ओकच आहे. पण वाळताना तो वाकत व तडकत असल्याने मुख्यतः सरपण व शेतीची अवजारे यांसाठी वापरला जातो.

बाजारात ओकचा पातळ पापुद्रा चिकटवलेले सामानही मिळते. फळीच्या पृष्ठभागावरील रेषा कडेवरून सलग पुढे गेलेल्या दिसल्यास ते सामान बहुधा भरीव लाकडाचे असते. भरीव ओकवरील ओरखडे रंधून वा घासून काढता येतात. पापुद्र्याच्या बाबतीत त्याला फारसा वाव नसतो.