चौसष्ट म्हणतात, पण मोजल्यात का?

आजचा विषय बहुतेक प्रत्येक घरातला आहे. सुट्टी लागली की आपण मुलांना उत्साहाने किल्ला दाखवायला नेतो, लेणी दाखवायला नेतो. तासाभरात मूल विचारतं, "आता घरी कधी जायचं?" मग आपण चिडतो आणि मनाशी म्हणतो, आजकालच्या मुलांना इतिहासाची आवडच नाही.

मीही असंच म्हणायची. मी जबलपूरला राहते, आणि दर सुट्टीत पुण्याची, नागपूरची भाचेमंडळी आमच्याकडे येतात. भेडाघाटचा धुवाँधार धबधबा आणि संगमरवरी खडकांमधली होडीची सफर त्यांना आवडतेच, त्यासाठी माझी गरज नाही. गाडी अडते ती मदनमहाल, चौसष्ट योगिनी, राणी दुर्गावती संग्रहालय अशा ठिकाणी.

काही वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या भाच्याला आणि सहा वर्षांच्या भाचीला मी मदनमहालावर नेलं. आदल्या रात्री बसून टिपणं काढली होती. वर पोचल्या पोचल्या भाच्याने विचारलं, "आत्या, हा शिवाजी महाराजांचा किल्ला ना?" मी म्हटलं, नाही रे, हा गोंड राजांचा. त्याचा चेहरा पडला. मग मी वंशावळ सुरू केली. तिसऱ्या राजापर्यंत दोघंही माझ्यापासून दहा हात लांब होती. आणि हीच मुलं खाली उतरल्यावर बॅलन्सिंग रॉकपाशी अर्धा तास रमली. एका खडकावर दुसरा अवाढव्य खडक जेमतेम टेकलाय, आणि 1997 च्या भूकंपातही तो पडला नाही! इतकी साधी गोष्ट, पण त्यांचे प्रश्न संपेनात.

तिथे माझी चूक मला कळली. खडकापाशी मी काही सांगितलंच नव्हतं. मुलांना जे दिसत होतं तेच त्यांना कोड्यात पाडत होतं. किल्ल्यावर मात्र मी न दिसणाऱ्या गोष्टी सांगत सुटले होते.

पुढच्या सुट्टीत पुन्हा मदनमहाल. या वेळी टिपणं घरी ठेवली आणि एकच प्रश्न नेला: हा किल्ला एवढा लहान का? सिंहगड पाहिलेल्या मुलाला हा प्रश्न पटकन भिडतो. भाचा सगळीकडे फिरून आला. एकाच भल्यामोठ्या खडकावर चढवलेली ही वास्तू. फौज राहील अशी जागा नाही, लांबलचक तटबंदी नाही. मग तो वरच्या मजल्यावर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "आत्या, इथून सगळं दिसतं!" टेहळणी हा शब्द मी त्याला नंतर दिला, अर्थ त्याचा त्यानेच शोधला होता. आणि हो, इथे दोन खडकांमध्ये सोन्याच्या विटा पुरल्या आहेत अशी दंतकथा गावात सांगतात. तीही सांगितली, दंतकथा म्हणूनच. पुढचा तास खडकांच्या फटी तपासण्यात गेला.

'महाराजांचा किल्ला नाही' म्हटल्यावर पडलेल्या चेहऱ्याचं काय करायचं? मुलाच्या ओळखीच्या जागेपासून धागा आणायचा. नागपूरच्या भाचीला सांगितलं, तुझं नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. चंद्रपूरचा परकोटही गोंड राजांचाच. त्याच्या वेशींवर हत्तीवर चाल करणारा सिंह कोरलाय, तो शोधायला मुलांना जरूर न्या. कोकणातली मंडळी हाच खेळ जंजिऱ्याच्या दरवाज्यावर खेळू शकतात. तिथल्या वाघाच्या पंजात हत्ती किती, ते मी सांगणार नाही.

आता चौसष्ट योगिनी. भेडाघाटला शंभराहून जास्त पायऱ्या चढून गेलं की टेकडीच्या माथ्यावर गोल आवार लागतं. कडेने ओवऱ्यांचं रिंगण, त्यात योगिनींच्या मूर्ती, आणि आत गौरीशंकराचं देऊळ. दहाव्या शतकातलं, कलचुरी राजांच्या काळातलं हे काम. त्यांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचं तेवर गाव, इथून जवळच आहे. एवढं मोठ्यांसाठी.

मुलांना मी दारातच सांगितलं, "नाव चौसष्ट आहे. मोजून या." एक उजवीकडून गेला, एक डावीकडून. भाचा 84 घेऊन आला, भाची 81. भांडण जुंपलं. पुन्हा मोजलं. तेव्हा लक्षात आलं की भाच्याने तीन मोकळे खणही धरले होते, आणि ते येण्याजाण्याचे रस्ते आहेत. म्हणजे मूर्तींसाठी 81. मग चौसष्ट कुठे गेल्या? योगिनी चौसष्टच असतात असं नाही, 81 योगिनींचीही वेगळी परंपरा होती, आणि हे देऊळ त्या परंपरेतलं. नाव मात्र लोकांच्या तोंडी चौसष्टचंच राहिलं. नऊ नव्वे एक्याऐंशी, हे भाचीने लगेच ओळखलं. पाटीवर लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळत नाही हे स्वतः मोजून पकडण्याचा आनंद मुलांना काही औरच असतो.

दुसरा खेळ अक्षरांचा. बऱ्याच मूर्तींच्या पायाशी त्या योगिनीचं नाव कोरलेलं आहे. अक्षरं हजार वर्षांपूर्वीच्या वळणाची, पण नावाआधीचा 'श्री' शोधा म्हटलं की मुलं गुडघ्यावर बसतात. तिसरा खेळ वाहनांचा. मूर्तीखाली प्राणी कोणता? बैल, हत्ती, पक्षी? वरची देवी भंगलेली असली तरी प्राण्यावरून अंदाज बांधता येतो.

इथेच तो प्रश्न येतो. "आत्या, यांची नाकं, हात कुणी तोडले?" बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न टळत नाही. सोबतचा गाइड एका दमात एक नाव सांगून मोकळा होतो, आणि मुलाच्या डोळ्यांत राग उतरलेला दिसतो. मी त्या वेळी गडबडले. विषय बदलला, आणि ते बरोबर झालं नाही. आता मी सांगते, मूर्ती फोडल्या गेल्या हे खरं आहे आणि ते वाईट झालं. मग विचारते, हे कुणी केलं ते आपल्याला कसं कळेल? कुठे लिहिलेलं असेल? कुणी लिहिलं असेल? सहा वर्षांच्या मुलालाही हे प्रश्न समजतात. 'माहीत नाही' म्हणायची लाज आपल्यालाच वाटते, मुलांना नाही.

'कसं कळलं?' या प्रश्नाला राणी दुर्गावतीची गोष्ट फार चांगली. 24 जून 1564 रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्या फौजेशी लढताना ती बाणांनी जखमी झाली, आणि शत्रूच्या हाती सापडण्याऐवजी तिने स्वतःचा अंत करून घेतला. बरेल्याजवळ नर्रई नाल्यापाशी तिची समाधी आहे. पहिल्यांदा मी हे तिथे अगदी रंगवून सांगितलं, आवाज चढवून. भाची रात्री दोनदा दचकून उठली. लहान मुलांना मरण सांगूच नये असं माझं म्हणणं नाही. पण ते एका वाक्यात सांगावं आणि जगण्याला दहा वाक्यं द्यावीत. वाघ आल्याची खबर लागली की त्याची शिकार होईपर्यंत राणी पाणीसुद्धा प्यायची नाही. हे लिहून ठेवलंय कुणी? अबुल फजलने, म्हणजे अकबराच्याच दरबारातल्या माणसाने! विरोधी गटातल्या मुलाने आपली तारीफ केली तर ती जास्त खरी वाटते की नाही, असं विचारा. शाळकरी मुलांना हा न्याय फार पटतो.

आणखी एक अडचण काळाची. 460 वर्षं म्हणजे किती, हे मुलाला कळत नाही. आम्ही आज्यांत मोजतो. आजी 75 वर्षांची. एकापुढे एक सहा आज्या उभ्या केल्या की राणी दुर्गावती. चौदा आज्या, की योगिनींचं देऊळ. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला 1828 मध्ये डायनासोरचं हाड सापडलं होतं. तिथवर पोचायला नऊ लाखांच्या आसपास आज्या लागतात. यावर आमची खरी आजी म्हणाली, "एवढ्यांना चहा कोण करणार?"

काही ठिकाणी बघायला फारसं काही उरलेलं नसतं. तिथे आकडा कामी येतो. 1939 ला त्रिपुरीचं काँग्रेस अधिवेशन इथेच, तिलवारा घाटाजवळ भरलं. अधिवेशन बावन्नावं, म्हणून मिरवणुकीच्या रथाला हत्ती बावन्न. अध्यक्ष सुभाषबाबू मात्र तापाने आजारी, म्हणून रथात त्यांचा फोटो. घाटावर उभं राहून बावन्न हत्तींची रांग कुठपर्यंत गेली असेल, ते मुलांना पावलांनी मोजू द्या.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. एका दिवशी एकच ठिकाण. उन्हाळ्यात जबलपूरला सकाळी नऊच्या आत वर पोचा. देवळात चप्पल काढावी लागते आणि दगड तापतो, म्हणून मुलांचे मोजे पिशवीत ठेवा. संग्रहालय सोमवारी बंद असतं. आत गेल्यावर सगळी दालनं बघायचा हट्ट नको. मुलाला तीन वस्तू निवडू द्या आणि वहीत चित्र काढू द्या. फोटो काढायला दोन सेकंद पुरतात. चित्र काढायला दहा मिनिटं नीट बघावं लागतं.

भाचा आता बारा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत त्याचे बाबा एका लेण्यात पाटी वाचून खांबांची संख्या सांगत होते. हा म्हणाला, "थांबा बाबा, मी मोजून येतो."