मुखवटा एकाचा, अपराध गर्दीचा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लिमथ नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी १६२१ च्या सुगीनंतर येथे स्थानिक वांपानोग लोकांसमवेत जे सहभोजन केले, त्याच्या स्मरणार्थ अमेरिकन कुटुंबे दर नोव्हेंबरात 'थँक्सगिव्हिंग' हा कृतज्ञतेचा सण पाळतात. याच गावात, याच सणाच्या रात्री, एका प्रचंड दुकानाचे दार फोडून गर्दी आत घुसते आणि वॉफल भाजण्याच्या फुकट यंत्रासाठी माणसे माणसांना तुडवतात. एली रॉथ या दिग्दर्शकाच्या 'थँक्सगिव्हिंग' (२०२३) या भयपटाचा हा प्रारंभ. चित्रपटाचे सारे सामर्थ्य या प्रारंभात आहे आणि त्याची सारी दुर्बलता हा प्रारंभ पुढे विसरून जाण्यात आहे.

चित्रपट 'स्लॅशर' जातीचा आहे. मुखवटा घातलेल्या खुन्याने तरुण मंडळींना एकामागून एक कापून काढावे, ही या जातीची ठरलेली गोष्ट. समीक्षकांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडले, तरी निर्मात्यांनी कधी मुरडले नाही; कारण हिशेबच तसा आहे. जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८) सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने सात कोटींच्या आसपास मिळवले. येथे महागडे नट लागत नाहीत. एखादे घर, एक सुरी, काही नवखे चेहरे आणि एक मुखवटा पुरतो. शिवाय मुखवट्याआडचा माणूस बदलता येत असल्याने तोच माल पुनःपुन्हा विकता येतो. रॉथ यांनी २००७ साली 'ग्राइंडहाउस'साठी थट्टेखातर एका अस्तित्वात नसलेल्या चित्रपटाची झलक बनवली होती. सोळा वर्षांनी त्या थट्टेचाच पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. सुमारे दीड कोटी डॉलरांच्या खर्चावर त्याने जगभरात साडेचार कोटींहून अधिक गल्ला जमवला.

खुनी नसलेले खून

आरंभीच्या प्रसंगाची मांडणी खरोखरच प्रभावी आहे. दुकानाचा व्यवस्थापक सणाचे जेवण सोडून कामावर जातो. बाहेर थंडीत गर्दी ताटकळत उभी असते. मालकाची मुलगी आपल्या मित्रांना बाजूच्या दाराने आत घेते. आत गेलेल्यांपैकी एक जण काचेतून बाहेरच्यांना चिडवतो, आणि बांध फुटतो. या रेटारेटीत व्यवस्थापकाची पत्नी प्राणास मुकते. या सबंध प्रसंगात मुखवटा नाही, सुरी नाही, कोणी दुष्टही नाही. प्रत्येकाला हवी आहे ती केवळ एक स्वस्त वस्तू. प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते समजण्यासारखे, आणि सर्वांचे मिळून प्राणघातक! अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील स्पर्धेची ही बाजू इतक्या थोडक्यात क्वचितच पडद्यावर आली असेल.

ही कल्पनेची भरारीही नव्हे. २००८ च्या 'ब्लॅक फ्रायडे'ला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका दुकानात पहाटे अशीच गर्दी घुसली आणि तिच्या पायांखाली एक कामगार मरण पावला. कोणाही एका माणसाला खुनी ठरवता आले नाही. कामगार-सुरक्षा खात्याने दुकानाच्या कंपनीला सात हजार डॉलरांचा दंड केला. एका जिवाची सरकारी हिशेबातली नोंद ती एवढीच.

सणाचे बाजाराशी असलेले नातेही जुने आहे. नाताळच्या खरेदीला अधिक दिवस मिळावेत म्हणून व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३९ साली हा सण एक आठवडा अलीकडे ओढला होता. त्यावरून वाद माजला आणि अखेर १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार मुक्रर झाला.

सोयीचा सैतान

दुर्दैवाने, वर्षभरानंतरच्या सणाशी कथा येऊन पोचताच चित्रपट ठरलेल्या चाकोरीत शिरतो. प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याचा मुखवटा घालून कोणी त्या रात्रीचा सूड घेऊ लागतो. वस्तुतः कार्व्हर १६२१ च्या वसंतातच वारला; ते सहभोजन त्याने पाहिलेही नव्हते. 'कार्व्हर' म्हणजे मांस कापणारा, या शब्दश्लेषापलीकडे या निवडीला अर्थ नाही. तरीही काही जागा चांगल्या आहेत. पहारेकऱ्याला ठार केल्यावर खुनी त्याच्या मांजराला खाऊ घालतो, हा विनोद भीतीला धार आणतो. तरुण पात्रे मात्र एकमेकांपासून वेगळी वाटत नाहीत, आणि देहाची चिरफाड इतकी सविस्तर दाखवली आहे की काही वेळाने ती भयाऐवजी कंटाळा आणते.

खरा आक्षेप याहून गंभीर आहे. सूड उगवला जातो तो उपाहारगृहात वाढणाऱ्या बाईवर, पहारेकऱ्यावर, पोरासोरांवर. खुन्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. पण त्याचा हेतू अखेर खाजगी प्रेमाचा आणि खाजगी दुःखाचा निघतो. सर्वांच्या हातून घडलेला अपराध अशा रीतीने एका विकृत माणसाच्या खात्यावर जमा होतो, आणि प्रेक्षक निर्दोष होऊन बाहेर पडतो. सैतान एकटा असणे किती सोयीचे असते! सवलतीच्या दिवशी रांगेत उभा राहणारा तोच प्रेक्षक, पण त्याच्याकडे बोट दाखवण्याचे धैर्य चित्रपटापाशी उरत नाही.

आणखी एक गोष्ट चित्रपटाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. मॅसॅच्युसेट्सचा जुना कायदा अशा मोठ्या दुकानांना थँक्सगिव्हिंगच्या दिवशी उघडू देत नाही. म्हणजे ज्या गावात ही कथा घडते, तेथे त्या रात्री दुकान उघडायलाच नको होते. कायद्यातले हे रूक्ष कलम पडद्यावर शोभले नसते, हे खरे. परंतु व्यवस्थापकाला ते सणाच्या ताटावर बसू देते आणि त्याच्या पत्नीला घरी सुखरूप ठेवते. मुखवट्याच्या खुन्याला शेवटी गोळी घालता येते. गर्दीला घालता येत नाही. तिच्यासाठी दार केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद ठेवायचे, हे आधीच ठरवावे लागते.